फटफटीच्या ट्यूबचा पट्टा

वडाची वाडी, ता. भूम
४ मार्च १९८७

प्रिय उत्पला,

तुला आजीचा जयभीम आन् लई लई आशीर्वाद. हे पत्र कुणाकडनं लिहून घेतलेलं न्हाय, सगळं माझ्या हातचं हाय. वेलांट्या इकडच्या तिकडं गेल्या तर सांभाळून घे. तीन दिवस झाले लिहितेय. शेजारची बनाबाई पाय पसरून इथंच बसलीय आन् दर दोन ओळींनी इचारतेय, "माझं नाव घातलं का?" घातलं गं बाई, घातलं. आधी बातमी सांगते. जयंती मंडळाचा टेपचा डेक चालू झाला. मी चालू केला. आन् त्या डेकनं भर सभेत दूध सोसायटीच्या नानासाहेब चेअरमनला त्यांचाच शब्द ऐकवला. तू म्हणशील आजीला ऊन लागलं. ऊन तर लागलंच हाय, फाल्गुन लागला न लागला तोच जमीन तव्यावानी झालीय, पर डोकं ठिकाणावर हाय.

तुझे आईबाप दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यावर गेले ते अजून तिकडंच. वस्तीतली निम्मी माणसं ऊस तोडायला गेलीत. मागं राहिल्या म्हाताऱ्या, लेकरं आन् जनावरं. पाऊस कसा झाला ते तुला ठाऊक हाय, ज्वारीचा ताट गुडघ्याच्या वर गेला न्हाय, कडबा कुठनं यावा? आपल्या चंद्रीच्या फासळ्या मोजाव्यात अशी गत झाली. ती म्हैस तशी मानी, पर परवा माझ्या लुगड्याचा पदर चघळत होती. अशात दूध सोसायटीनं चारा डेपो काढला. आम्ही म्हणलं, चला, तरलो. तर तिथं नियम निघाला की वैरण सभासदालाच, आन् ती बी त्यानं स्वतः येऊन अंगठा केला तरच. आता सभासद कोण? सगळे बाप्पे. चंद्रीची धार मी काढते, शेण मी काढते, दुधाची किटली डोक्यावर मी नेते, पर वहीत नाव तुझ्या बापाचं. तात्याराव तिकडं ऊस तोडतोय. त्याचा अंगठा काय कापून आणू?

मग आम्ही पंधराएक बाया मिळून नानासाहेबांच्या दारात गेलो. मी म्हणलं, "नानासाहेब, गेल्या श्रावणातल्या सभेत तुम्ही सगळ्यांपुढं बोलला होता, जी बाई धार काढती तीच सभासद. त्याचं काय झालं?" ते खाटेवर बसून पान लावत होते. म्हणले, "केशरबाई, मी असं बोललोच न्हाई. तुम्ही बायांनी आपल्या मनानं जोडलं." सचिवानं सभेची वही उघडून दावली. खरंच, वहीत एक अक्षर न्हाय. बनाबाई म्हणली, "वहीत न्हाई, पर आमच्या कानांत हाय." त्यावर ते हसले, म्हणले, "कान काय कोर्टात चालतात व्हय? बारा दिवसांनी खास सभा हाय, तालुक्याचा साहेब येणार हाय. पुरावा असंल तर आणा, मी आडवा येणार न्हाई." ह्याला आठ दिवस व्हायच्या आत बनाबाईनं तिची म्हैस भूमच्या बाजारात नेऊन दिली. मागं वळून बघत गेली बिचारी. म्हैस न्हाय, बनाबाई वळून बघत होती, मी तिच्यासंगं होते. ती म्हणतेय हे लिहू नको. लिहिलं.

पुरावा कुठं हाय ते मला त्याच दिवशी आठवलं होतं. त्या सभेला मंडळाचा माईक, डेक आन् कर्णा सोसायटीनं नेला होता, आन् तू डेक बघायला म्हणून बरोबर गेली होतीस. "आजी, आवाज भरतोय का बघते" म्हणून एक कॅसेट घालून ठेवली होतीस. ती कॅसेट तुझ्या पत्र्याच्या पेटीत, सटरफटर तारांच्या खाली होती. वर तुझ्या हातानं लिहिलेलं, "सभा, तपासणी." मी कॅसेट पदरात बांधली आन् एस्टीनं भूमला गेले, शंकरप्पाच्या दुकानात. तोच, कपाळाला भस्म लावतो, रेडिओ दुरुस्त करताना कुणाशी बोलत न्हाय. त्यानं दुकानातल्या एका टेपमधी कॅसेट घातली. आन् काय सांगू, नानासाहेब चिमणीवानी चिवचिव करायला लागले! येवढा तगडा माणूस आन् आवाज असा की पिल्लाला चारा दे म्हणतोय. दुकानातली चारपाच माणसं पोट धरून हसली. मला रडू यायचं तेवढं राहिलं. शंकरप्पा म्हणला, "आजी, ज्या डेकवर हे भरलंय तो सुस्त चालत होता. सुस्त यंत्रात भरलेलं धडधाकट यंत्रात पळत सुटतं. तुमच्याच डेकवर लावा, तसाच सुस्त चालवून, मग माणसागत बोलंल." मी म्हणलं, मग तुझा टेप थोडा सुस्त कर की. तर म्हणला, "हा गिऱ्हाइकाचा हाय, दुसऱ्याच्या मालाला मी हात लावत न्हाई." बरोबर हाय त्याचं. आपला डेक तर बंद पडलेला, त्याच्या आतल्या पट्ट्याचं इचारलं तर म्हणला, तो सोलापूरहून मागवावा लागंल, तीन आठवडे. सभेला राहिले होते नऊ दिवस.

आता आपल्या डेकचं तुला काय सांगायचं, तुझा तो सवंगडीच. मंडळानं दुकानातला सगळ्यात स्वस्त होता म्हणून आणलेला. वर चकचकीत पत्रा, आत सगळं पोकळ, कर्ण्याला जोडल्याबिगर एक शब्द बोलत न्हाय. तू तेव्हाच म्हणायचीस, ह्याचा पट्टा सैल पडलाय, गाणारी बाई पेंगल्यावानी गाती. कुणी मनावर घेतलं न्हाय. दिवाळीत तो पुरताच बसला. मंडळाची पोरं ऊसतोडीला गेलेली, तर मी समाजमंदिराची किल्ली मागून घेतली आन् डेक बाहेर काढला. उंदरानं मागच्या बाजूला घर केलं होतं. आन् घरी येऊन तुझी टेप दुरुस्तीच्या वर्गातली वही काढली. तीच, जी तू दिवाळीच्या सुट्टीत चुलीपुढं टाकून "जाळायला घ्या" म्हणली होतीस. मी जाळली नव्हती. येवढी चांगली लिहिलेली वही कोण जाळतं? चुलीमागं शेणकुटाच्या वर ठेवली होती, कडा जरा काळ्या झाल्यात, तेवढंच.

उत्पला, तुझं अक्षर किती स्वच्छ गं! मी साठीला पोचल्यावर तू मला पाटीवर शिकवलंस, त्या ज्ञानावर मी एकेक अक्षर लावत गेले. बनाबाई कंदिलाची काच पुसून देत होती आन् मी वाचत होते. दिवसा ढोराचं आवरून दुपारी बसायचं. चित्रांत तू प्रत्येक चाकाला बाण काढून नाव लिहिलंय. झाकणाचे चार स्क्रू काढले, तुझा लहान डिसमिस पेटीत होताच. आत बघते तर पट्ट्याचं डांबर झालेलं, बोटाला काळं चिकटतंय. वहीत लिहिलं होतं, जुना पट्टा विरघळला तर स्पिरिटनं पुसून काढणे. नर्सबाईकडनं इंजेक्शनच्या स्पिरिटचे बोळे आणले. ती म्हणली, "केशरबाई, कुणाला सुई टोचायची?" म्हणलं, चेअरमनला.

नवा पट्टा कशाचा करायचा? सायकलच्या ट्यूबची गोल चकती कापली, ती लहान पडली. दुधाच्या कॅनच्या झाकणाचं रबर जाड. मग फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडं गेले, तर खुंटीला फटफटीची एक जुनी ट्यूब लटकलेली. म्हणलं, ही दे. म्हणला, "न्या की, नानासाहेबांच्या गाडीची हाय, चार ठिगळं लागलीत." मी ती पदराखाली घेतली. घरी येऊन ती ट्यूब मुसळावर चढवली. तंतोतंत बसली. बनाबाई मुसळ जात्यावानी गोल फिरवायची आन् मी ब्लेड एका जागी धरून ठेवायची. पहिल्या सहा चकत्या वाकड्या झाल्या, एक बारीक, एक जाड. सातवी अशी निघाली की बांगडीनं लाजावं.

पर त्यातच मी एक वेडेपणा केला. चाक कुरकुरत होतं. आपल्याला लहानपणापासनं ठाऊक, जातं कुरकुरलं, गाडीचा आख कुरकुरला, की तेल. मी करडीच्या तेलात काडी बुडवून सगळ्या चाकांना, खुंट्यांना, पट्ट्याला बी तेल पाजलं. कळ दाबली तर मोटर फिरतेय आन् पट्टा जागच्या जागी घसरतोय, कॅसेट हलायला तयार न्हाय. मी वही पुढं चाळली. तर तू लाल शाईनं लिहून ठेवलेलं, "रबराला तेल लागता कामा नये." लाल शाई आधी वाचायची असती हे मला कुणी सांगितलंय का? मग रिठ्याच्या पाण्यानं पट्टा धुतला, चाकं पुन्हा स्पिरिटनं पुसली, वाळवलं. त्यात दोन दिवस गेले. सभेला तीन दिवस उरले. त्या दोन दिवसांत खालच्या आळीतल्या एका म्हशीनं उभं राहणं सोडलं.

सगळं वाळलं त्याच दुपारी समाजमंदिरात वीज आली. डेक कर्ण्याला जोडला, कळ दाबली. चाकं फिरली! बनाबाईनं टाळी वाजवली. आन् कर्ण्यातनं काय निघालं? चिमणी. पुन्हा तीच चिमणी. पट्टा नवा, घट्ट बसलेला, डेक आता धडधाकट पळत होता. दुरुस्त केला म्हणून बिघडलं, असं आमचं झालं. बनाबाई भिंतीला टेकून खाली बसली. म्हणली, "आपल्या नशिबातच न्हाई." मी म्हणलं नशीब मागनं बघू, वही संपली का? संपली नव्हती. शेवटून दुसऱ्या पानावर लिहिलेलं, मोटरच्या पाठीमागं एक बारीक भोक असतं, त्यात स्क्रू, तो फिरवला की वेग कमीजास्त होतो, हळू फिरवणे, अर्धा फेरा पुरे. बघितलं तर खरंच भोक होतं, मुंगीच्या बिळायेवढं.

पर किती फिरवायचं? जरा फिरवलं तर चिमणीचा कावळा झाला. आणखी फिरवलं तर नानासाहेब विहिरीत पडून बोलल्यावानी वाटायला लागले. ह्यातला खरा कुठला? आपल्याला वाटतंय हाच, पर साहेबापुढं ते म्हणणार, हा माझा आवाजच न्हाई. तेव्हा मला त्या बोलण्याच्या मागं काहीतरी ऐकू आलं. पुक, पुक, पुक, पुक. मल्लिनाथची पिठाची गिरणी! सोसायटीच्या अंगणाला लागूनच ती, श्रावणातल्या सभेत बी चालूच होती. अगं, गिरणीच्या इंजिनाची चाल ठरलेली, ती काय चेअरमन हाय बदलायला? टेपमधली गिरणी आन् खरी गिरणी एका चालीत आली की आवाज बरोबर. मी तशीच पळत मल्लिनाथकडं गेले. म्हणलं, उद्या गिरणी लाव. म्हणला, "आजी, दुष्काळात कोण दळायला आणतंय? रिकामी लावू?" म्हणलं, रिकामं इंजिन निराळं वाजतं, त्या दिवशी दळण चालू होतं. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी बाया निघाल्या. कुणी शेरभर ज्वारी, कुणी ओंजळभर रेशनचे गहू, एक तर हुलगे घेऊन आली. मल्लिनाथ म्हणला, ह्याचं पीठ कसलं व्हायचं? ती म्हणली, "पिठाचं सोड, तू इंजिन वाजव."

गिरणी तिकडं वाजतेय, आन् इकडं मी समाजमंदिराच्या दारात डेक मांडीवर घेतलेला, हातात डिसमिस. आधी टेपमधली पुकपुक पुढं पळायची. केसभर फिरवलं. मग मागं पडायला लागली. उलटं, अर्ध्या केसाचं. एका उखळात दोघी बाया मुसळ घालतात बघ, आधी मुसळाला मुसळ आपटतं, मग हळूहळू मेळ बसतो, तसं झालं. एक पुक, तीच पुक. दोन गिरण्यांची एकच गिरणी झाली. आन् तिच्यावर नानासाहेब, अगदी तस्से, घोगरे, नाकातनं जरा. मी त्या स्क्रूवर मेणाचा थेंब टाकला, हलायला नको म्हणून. हे तुझ्या वहीत न्हाय, लिहून ठेव.

सभेला सोसायटीचं अंगण भरलेलं. तालुक्याचा साहेब खुर्चीवर, नानासाहेब फेटा बांधून. भूमची चिमणीची गोष्ट त्यांच्या कानांवर गेलीच होती. मला बघून म्हणले, "या केशरबाई, चिमणी आणली का आमची?" सगळे हसले. मी बी हसले. म्हणलं, "आणलीय, पर आता मोठी झालीय." डेक ठेवला, कर्ण्याला जोडला, कळ दाबली. आधी खरखर, मग खोकला, मग सगळ्या अंगणावर तो आवाज: "जी बाई धार काढती, तीच सभासद. पुढच्या वर्षापासनं एकाही बाईला नवऱ्याच्या अंगठ्यासाठी थांबायची गरज पडणार न्हाई, हा माझा शब्द हाय." आन् त्यालाच लागून, "अरे ती म्हैस हाकला की रे, माईकची वायर खातीय!" लोक इतके हसले की साहेबानं हात वर केला. साहेब म्हणला, "नानासाहेब, हा तुमचा आवाज?" त्यांनी फेटा सारखा केला. मग म्हणले, "माझ्यासारखा वाटतो, पर यंत्राचं काय सांगावं." तेवढ्यात बायांच्या मागच्या रांगेतनं त्यांची मालकीण उठली, प्रेमाबाई. कधी सभेत तोंड न उघडणारी ती. म्हणली, "साहेब, आवाजाचं मला ठाऊक न्हाई, पर तो खोकला ह्यांचाच हाय. पंचवीस वर्षं उशाशी ऐकतीया." आता पुढं काय राहिलं? खुद्द नानासाहेब बी हसू दाबत होते. ठराव तिथंच लिहिला, साहेबानं स्वतः वाचून दावला. बेचाळीस बायांनी अर्ज भरले. दुसऱ्या सकाळी मी डेपोवर गेले, सही केली, चंद्रीची वैरण डोक्यावर घेऊन आले. वाटेत नानासाहेब भेटले. म्हणले, "म्हातारे, पट्टा कशाचा केलास ते तरी सांग." मी सांगितलं. त्यांनी वाकून फटफटीचं चाक चाचपून बघितलं. मग म्हणले, "आता नव्या ट्यूबला बी जपावं लागंल." आन् बनाबाईला बी सभासद केलंय. म्हैस न्हाय तिच्याकडं, तरी केलं. तिला आपल्या चंद्रीची पारडी द्यायचं मी ठरवलंय, तुझ्या बापाला मागनं सांगू.

आता बनाबाईला पाणी आणायला धाडलंय आन् दार लोटून लिहितेय. मी भूमहून कॅसेट घेऊन परत आले त्याच दिवशी पोस्टमननं एक पत्र दिलं. वर नाव तात्यारावचं, अक्षर तुझं. मुकादमाच्या माणसासंगं कारखान्यावर धाडायचं होतं. मी फोडलं. राग मान, न्हाय तर नको मानू. तू लिहिलं होतंस, दादा, मला न्यायला या, मला हे शिकणं नको. वर्गात मी एकटीच मुलगी. यंत्र पोरांच्या हातात देतात आन् मला म्हणतात, तुझं अक्षर चांगलं हाय, तू वही लिही. सहा महिन्यांत एक स्क्रू फिरवला न्हाय, नुसत्या वह्या भरल्या, असल्या वह्यांचा कुणाला काय उपयोग. पोरी, ते वाचून मी चुलीमागनं तुझी वही काढली ती डेकसाठी न्हाय. मला बघायचं होतं, त्या वहीत खरंच काही हाय का न्हाय. आता तू सांग. बेचाळीस घरांची जनावरं आज वैरण खातायत. तुझं पत्र ह्याच पाकिटात परत घालते. तात्यारावला ठाऊक न्हाय. तुला अजून यायचंच असंल तर तेच पत्र पुन्हा टाक, ह्या खेपेला मी अडवणार न्हाय, स्वतः कारखान्यावर धाडीन. पर त्याआधी उद्या वर्गात जा, मास्तरांच्या पुढं उभी राहा आन् म्हण, गुरुजी, माझी वही भरली, आता डिसमिस द्या. न दिला तर कळव. मी आन् बनाबाई एस्टीनं येतो.

तुझीच आजी,
केशरबाई
सभासद, दूध सोसायटी, वडाची वाडी